कागदामागचा अधिकार

(चाकण येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



पुण्याहून चाकण जेमतेम तीस किलोमीटर. पुण्यातल्या एका जमिनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 24 जानेवारी 2014 रोजी एक निकाल दिला. पुढची काही वर्षे त्याच्या झेरॉक्स प्रती आपल्या तालुक्यात चावडीवर, बाजारात, लग्नाच्या मांडवातसुद्धा हातोहात फिरत होत्या. आपली एमआयडीसीत गेलेली जमीन आता परत मिळणार, असे कितीतरी घरांनी धरून ठेवले होते. काहींनी त्या भरवशावर मोबदला उचलला नाही. निकाल खरा होता, सर्वोच्च न्यायालयाचाच होता, छापलेला प्रत्येक शब्द जसाच्या तसा होता. तरीही चाकणच्या त्या जमिनींना तो थेट लागू पडत नव्हता. आणि आज तर तो पुण्यालाही लागू नाही.

हे असे का, एवढेच आज मला सांगायचे आहे. कायद्याचा कागद हातात आला, की तो कोणाच्या अधिकाराने बोलतो, कोणाला बांधतो आणि आज जिवंत आहे का, हे कसे शोधायचे, हा आजचा विषय. वकिलीच्या अभ्यासक्रमात याला विधि-संशोधन म्हणतात आणि तो शिकवताना विद्यार्थी पेंगतात. पण ज्या पट्ट्यात गेल्या पंचवीस-तीस वर्षांत शेताची कारखानदारी झाली आणि शेतकऱ्याचा मुलगा ठेकेदाराच्या गेटपासवर कामाला जातो, तिथे हा विषय घराघरातला आहे. ज्यांच्या स्मरणार्थ आपण इथे जमलो आहोत ते गुरुजी निवृत्तीनंतर लोकांचे अर्ज लिहून देत. कोणी गाऱ्हाणे सांगू लागले की ते म्हणत, आधी कागद दाखव. माझे बोलणेही तिथूनच सुरू करतो.

भूसंपादनाची नोटीस आली की आपण पहिल्यांदा काय वाचतो? आपले नाव, गट नंबर आणि क्षेत्र. हेक्टर-आर बरोबर आहेत का, सामायिक हिस्सेदारांची नावे आली आहेत का, ते बघतो. तेही बघायलाच हवे. पण नोटिशीतली सगळ्यात वजनदार ओळ वर, ठळक अक्षरांच्या खाली, कंसात असते. तिथे कायद्याचे नाव आणि कलम लिहिलेले असते. एमआयडीसीची असेल तर 'महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम, 1961, कलम 32 (2)' असे काहीसे. ही झाली कारणे दाखवा नोटीस : तुमची जमीन का घेऊ नये ते सांगा. हरकत घेण्याची जागा हीच. हरकतींची सुनावणी झाली की शासन कलम 32 (1) खालची अधिसूचना राजपत्रात प्रसिद्ध करते. ती प्रसिद्ध झाली, की 32 (4) प्रमाणे जमीन सर्व बोजांतून मोकळी होऊन शासनाकडे निहित होते. ताबा नंतर मागतात आणि मोबदल्याचे बोलणेही नंतर होते. मालकी मात्र राजपत्राच्या त्या तारखेला गेलेली असते. पुष्कळ जण ताबा पावतीच्या दिवशी जागे होतात. उशीर तोवर झालेला असतो.

आता आपल्याच तालुक्यातला एखादा शेतकरी डोळ्यांपुढे आणा. त्याचा एक गट एमआयडीसीत गेला, तो या 1961 च्या राज्य कायद्याने. दुसऱ्या गटाची पट्टी पुणे-नाशिक महामार्गाच्या रुंदीकरणात गेली, ती राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, 1956 च्या कलम 3-अ आणि 3-ड खाली. वडिलांच्या वेळी भामा-आसखेड धरणात गेलेली जमीन 1894 च्या जुन्या भूसंपादन कायद्याखालची. एक घर, एक तालुका, एकच तहसील कचेरी आणि कायदे तीन. प्रत्येक कायद्यात हरकतीची मुदत वेगळी, मोबदला ठरवणारा अधिकारी वेगळा, दाद मागायची जागा वेगळी. म्हणून चावडीवर कोणी म्हणाले की, जमिनीचा नवा निकाल आलाय, तर पहिला प्रश्न विचारायचा : कोणत्या कायद्याखालच्या जमिनीचा?

आता त्या 2014 च्या निकालाकडे येऊ. पुणे महानगरपालिका विरुद्ध हरकचंद मिसरीमल सोळंकी. वन उद्यानासाठी सुमारे 44 एकर जमीन घ्यायचे महापालिकेने ठरवले होते. संपादन झाले जुन्या 1894 च्या कायद्याखाली आणि निवाडा जाहीर झाला 31 जानेवारी 2008 रोजी. मालकांनी मोबदला उचलला नाही. मोबदल्याचे सुमारे 27 कोटी रुपये शासनाने न्यायालयात न भरता सरकारी तिजोरीत जमा करून ठेवले. मग 1 जानेवारी 2014 पासून 2013 चा नवा भूसंपादन कायदा लागू झाला. त्याचे कलम 24 (2) सांगते की, जुन्या कायद्याखालचा निवाडा पाच वर्षे किंवा त्याहून आधीचा असेल आणि जमिनीचा प्रत्यक्ष ताबा घेतलेला नसेल किंवा मोबदला दिलेला नसेल, तर ते संपादन रद्द झाले असे मानावे. न्या. आर. एम. लोढा, न्या. मदन लोकूर आणि न्या. कुरियन जोसेफ या तिघांच्या पीठाने म्हटले की, तिजोरीत पैसे ठेवणे म्हणजे मोबदला देणे नव्हे. मालकाने घेतला नाही तर तो न्यायालयात भरायला हवा होता. संपादन रद्द.

देशभर खळबळ उडाली. तिजोरीत पैसे टाकून फाईल बंद करण्याची रीत जवळजवळ सगळ्या राज्यांत होती. या निकालाचा हवाला देत ठिकठिकाणच्या उच्च न्यायालयांत आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात जमीनमालक जिंकत गेले. चार वर्षे हाच कायदा होता.

मग 8 फेब्रुवारी 2018 रोजी इंदूर विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्याच दुसऱ्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने वेगळा अर्थ लावला आणि दोन विरुद्ध एक मताने जाहीर केले की, पुण्याचा निकाल पर इन्क्युरियम, म्हणजे लागू कायदा नीट ध्यानात न घेता दिलेला आहे. त्या पीठातले न्या. मोहन शांतनगौडर या मुद्द्याला तयार नव्हते. तिघांच्या पीठाचा निकाल तिघांचे दुसरे पीठ असा बाजूला सारू शकते का? दाऊदी बोहरा समाजाच्या मध्यवर्ती मंडळाने महाराष्ट्र शासनाविरुद्ध लढवलेल्या खटल्यात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने 2004 मध्येच नियम घालून दिला होता : मोठ्या पीठाचा निकाल लहान पीठाला बांधतो, पटला नाही तर सरन्यायाधीशांकडे प्रकरण पाठवून मोठ्या पीठाची मागणी करावी, बरोबरीच्या पीठानेही शंका असेल तर तेवढेच करावे. आठवडा-दोन आठवड्यांत, 21 फेब्रुवारीला, तिसऱ्या एका पीठाने उच्च न्यायालयांना सांगितले की, हा प्रश्न सुटेपर्यंत अशा प्रकरणांत निर्णय देऊ नका. त्या पीठात न्या. लोकूर आणि न्या. कुरियन जोसेफ होते, म्हणजे 2014 च्या निकालावर ज्यांच्या सह्या होत्या त्यांतले दोघे.

शेवट झाला 6 मार्च 2020 रोजी. इंदूर विकास प्राधिकरण विरुद्ध मनोहरलाल. न्या. अरुण मिश्रा यांच्या नेतृत्वाखालच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने पुण्याचा निकाल रद्दबातल ठरवला आणि त्याच्या आधारावर दिलेले इतर निकालही. आता ताबा घेतला नाही आणि मोबदलाही दिला नाही, अशा दोन्ही गोष्टी घडल्या असतील तरच संपादन रद्द होते. कलमातला 'किंवा' न्यायालयाने 'आणि' असा वाचला. मोबदला देऊ केला होता, मालकाने नाकारला, तर पैसे न्यायालयात भरले नाहीत एवढ्यावरून संपादन बुडत नाही.

मला स्वतःला 2014 चा अर्थ जास्त न्याय्य वाटत होता. सरकारी तिजोरीत सरकारचे पैसे पडून राहणे म्हणजे शेतकऱ्याला मोबदला मिळणे, हे माझ्या मनाला अजून पटत नाही. पण पाच न्यायाधीश बोलले आहेत आणि घटनेच्या कलम 141 प्रमाणे सर्वोच्च न्यायालयाने घोषित केलेला कायदा देशातल्या सर्व न्यायालयांना बंधनकारक आहे. पक्षकाराला सल्ला देताना माझे पटणे-न पटणे मी बाजूला ठेवतो. ज्याला पुस्तकातून निकाल शोधायचा आहे त्याच्या अंगी हे एक वळण पडावेच लागते : आवडणारा निकाल आणि लागू असणारा निकाल वेगळे असू शकतात.

याच कथेतला एक धागा फार थोडे लोक बघतात. 2020 मध्ये जुने निकाल रद्दबातल ठरले, मग ज्या मालकांनी 2014 ते 2018 मध्ये अंतिम निकाल जिंकले होते, त्यांचे काय? दिल्लीच्या शासकीय यंत्रणांनी ते निकाल पुन्हा उघडायला मागितले. दोन न्यायाधीशांत 2023 मध्ये मतभेद झाला, आणि 17 मे 2024 रोजी तीन न्यायाधीशांनी सांगितले की, नंतर कायद्याचा अर्थ बदलला एवढ्या कारणावर जुन्या निकालाचे पुनर्विलोकन होत नाही. म्हणजे निकालाची दोन कामे असतात. तो त्या दोन पक्षकारांमधले भांडण मिटवतो आणि सगळ्यांसाठी नियम सांगतो. नियम मरू शकतो. भांडण मिटलेले ते मिटलेले.

आणि चाकणच्या जमिनींना तो निकाल मुळातच का लागत नव्हता? कलम 24 (2) बोलते 1894 च्या कायद्याखालच्या निवाड्यांबद्दल. आपल्या एमआयडीसीच्या जमिनी 1961 च्या राज्य कायद्याने गेल्या. कर्नाटकात एमआयडीसीसारखेच मंडळ आहे, त्याचा स्वतंत्र औद्योगिक क्षेत्र कायदा आहे. त्या कायद्याखालच्या संपादनाला 24 (2) लागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2017 मध्ये अनसूया बाई यांच्या खटल्यात सांगितले. त्याच्याही आधी, 2011 मध्ये, गिरनार ट्रेडर्सच्या खटल्यात घटनापीठाने आपल्या महाराष्ट्राच्या नगररचना कायद्याबद्दल जवळपास हाच विचार मांडला होता : स्वतःपुरता परिपूर्ण असलेल्या राज्य कायद्यात केंद्राच्या भूसंपादन कायद्यातली मुदत संपल्यावर संपादन रद्द करणारी तरतूद आपोआप शिरत नाही. शिवाय महाराष्ट्र विधिमंडळाने 2018 मध्ये केंद्राच्या 2013 च्या कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली आणि कलम 105-अ घातले. औद्योगिक विकास, नगररचना, म्हाडा आणि राज्य महामार्ग हे चार राज्य कायदे बाजूला काढले; मोबदला आणि पुनर्वसनाच्या तरतुदी त्यांना अधिसूचनेने लावण्याची सोय ठेवली. बाजारात मिळणारे केंद्रीय कायद्याचे छोटे पुस्तक विकत घेतले तर त्यात पुष्कळदा ही राज्य दुरुस्ती छापलेली नसते. पुस्तक वाचणारा प्रामाणिकपणे वाचतो आणि तरीही फसतो.

उलट बाजूही सांगतो, कारण सगळेच काही शेतकऱ्याच्या विरुद्ध जात नाही. महामार्गात गेलेल्या जमिनीवर 30 टक्के दिलासा रक्कम आणि व्याज मिळत नसे; महामार्ग कायद्याच्या कलम 3-जे ने ते दार बंद केले होते. सर्वोच्च न्यायालयाने 19 सप्टेंबर 2019 रोजी तरसेम सिंग यांच्या खटल्यात ते दार तेवढ्यापुरते घटनाबाह्य ठरवले. संसदेचा कायदा होता, पण त्याच्या वर घटनेचे कलम 14 होते. तो निर्णय पुढच्याच प्रकरणांना लावा, अशी महामार्ग प्राधिकरणाची विनंती होती. 2025 मध्ये न्यायालयाने तीही नाकारली. पुणे-नाशिक रस्त्यात ज्यांची जमीन गेली त्यांनी आपल्या निवाड्याची तारीख काढून वकिलाला हा निकाल दाखवावा.

कोणता कायदा वर, कोणता खाली, ही अधिकाराची उतरंड इंग्रजांनी आणली असे सरसकट म्हणतात. ते अर्धेच खरे आहे. पेशवाई गेल्यावर नऊ वर्षांनी, 1827 मध्ये, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत मुंबई इलाख्याची नियमावली झाली. तिच्या चौथ्या रेग्युलेशनचे कलम 26 मी तरुण वकिलांना नेहमी वाचायला सांगतो. दिवाणी दाव्यात काय लावायचे, याचा क्रम त्यात आहे : आधी पार्लमेंटचे कायदे आणि सरकारी नियम, ते नसतील तर ज्या मुलखात दावा उभा राहिला तिथली वहिवाट, तीही नसेल तर प्रतिवादीचा धर्मशास्त्रीय किंवा जातीचा कायदा, आणि काहीच नसेल तर न्याय, समता आणि सद्सद्विवेक. वहिवाट सरकारी नियमाच्या खाली आणि ग्रंथाच्या वर! त्याच वर्षी आर्थर स्टील याचे दख्खनमधल्या जातींच्या कायदे-रूढींवरचे पुस्तक छापून आले; त्यासाठी पुण्यात जातीजातींच्या प्रमुखांना बोलावून विचारपूस झाली होती. ग्रंथांतही प्रदेशाप्रमाणे वजन बदलत असे. महाराष्ट्रात सामान्यतः विज्ञानेश्वराची मिताक्षरा श्रेष्ठ, गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकणात नीलकंठ भट्टांचा व्यवहारमयूख, आणि पुणे, नगर, खानदेशात दोन्ही बरोबरीचे मानले गेले. म्हणजे चाकणच्या माणसाच्या वारसाहक्काचा प्रश्न आला की न्यायाधीशाला दोन्ही पोथ्या उघडाव्या लागत. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी व्यवहारमयूख संपादित केला. ते मुंबई उच्च न्यायालयात वकिली करत होते, त्यांना या प्रश्नाची धग रोज लागत असणार.

आज उतरंड अशी : सर्वांत वर घटना. तिच्याखाली संसदेचे आणि विधिमंडळाचे कायदे. कायद्याने दिलेल्या अधिकारातून केलेले नियम त्यांच्या खाली, मग अधिसूचना. त्यांच्याखाली शासन निर्णय आणि परिपत्रके. गावात मात्र नेमका उलटा क्रम चालतो. सर्वांत जास्त मान परिपत्रकाला, कारण टेबलामागचा माणूस तेच दाखवतो. 'साहेब, जीआर आहे' म्हटले की बोलणे खुंटते. अशा वेळी नम्रपणे एवढेच विचारायचे असते की, हा शासन निर्णय कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली काढला आहे? पहिल्याच परिच्छेदात 'संदर्भ' किंवा 'प्रस्तावना' असते, तिथे उत्तर सापडते. ते सापडले नाही किंवा कायद्यातले शब्द त्याच्याशी जुळले नाहीत, तर तो शासन निर्णय कायद्यापुढे टिकत नाही.

सात-बाराचेही तसेच. आपल्याकडे सात-बारा म्हणजे जमिनीचा जीव. फेरफार मंजूर झाला की मालकी मिळाली असे समजतात, पेढे वाटतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 157 प्रमाणे अधिकार अभिलेखातली नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी धरली जाते. विरुद्ध सिद्ध होईपर्यंत! नोंद हा पुरावा आहे, मालकीचा उगम नाही. उगम खरेदीखतात, वाटपात, वारसाहक्कात किंवा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यात असतो. आपल्या भागात जमिनीचे भाव जसजसे चढले, तसे बहिणींची नावे कमी करून केलेले फेरफार कोर्टात किती येऊ लागले, हे राजगुरूनगरच्या न्यायालयात बसणाऱ्या कोणालाही विचारा. मंडल अधिकाऱ्याने प्रमाणित केलेली नोंद बहिणीचा हक्क पुसून टाकत नाही.

न्यायालयांच्या निकालांचे वजन कसे मोजायचे, तेही थोडक्यात सांगतो. आपला जिल्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या मुख्य पीठाखाली येतो. नागपूर, छत्रपती संभाजीनगर, गोवा आणि ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूर, अशी बसण्याची ठिकाणे वेगळी असली तरी न्यायालय एकच. गोव्यात दिलेला निकाल राजगुरूनगरच्या न्यायाधीशाला तितकाच बांधतो. एकल न्यायाधीशाच्या वर दोघांचे खंडपीठ, त्याच्या वर पूर्णपीठ. गुजरात किंवा कर्नाटक उच्च न्यायालयाचा निकाल मात्र इथे फक्त विचारात घेण्याजोगा; न्यायाधीशाला पटला तर तो घेईल. आणि एकाच निकालातले सगळे शब्द सारख्या वजनाचे नसतात. ज्या मुद्द्यावर तो खटला प्रत्यक्ष सुटला, तो मुद्दा बांधतो. ओघात केलेले भाष्य, कितीही सुंदर असले तरी, तेवढे बांधत नाही. म्हणून निकालाचा शेवटचा परिच्छेद वाचून थांबू नये. त्यातली हकीकत वाचावी, मग न्यायालयापुढे प्रश्न काय होता ते वाचावे.

हे नीट वाचण्याची सर्वांत जास्त गरज मला कंत्राटी कामगारांच्या बाबतीत वाटते. चाकणमध्ये बजाजचा कारखाना 1999 मध्ये सुरू झाला, पुढे मर्सिडीज, फोक्सवॅगन, महिंद्र आले, त्यांच्यामागे शेकडो सुटे भाग करणारे आले. आणि त्यांच्यासोबत ठेकेदार आले. मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहार-उत्तर प्रदेशातून आलेली पोरे खराबवाडी-नाणेकरवाडीच्या खोल्यांत राहतात. त्यांच्यातला चळवळ्या मुलगा मोबाईलवर निकाल शोधतो आणि त्याला 6 डिसेंबर 1996 चा एअर इंडियाचा निकाल सापडतो : कंत्राटी पद्धत बंद झाली की कामगार आपोआप मूळ मालकाचा होतो. तीन न्यायाधीशांचे पीठ, सर्वोच्च न्यायालय. मुलाला वाटते, झाले काम! पण 30 ऑगस्ट 2001 रोजी स्टील अथॉरिटीच्या खटल्यात पाच न्यायाधीशांनी तो रद्दबातल केला. आपोआप कायम होणे संपले.

मात्र तोच 2001 चा निकाल पुढे वाचला, तर कामगाराच्या उपयोगाचा भाग त्यातच आहे. ठेका नुसता कागदी आहे, मूळ मालकच प्रत्यक्षात राबवून घेतो आहे, असे औद्योगिक न्यायाधिकरणापुढे सिद्ध झाले, तर तो कामगार मूळ मालकाचाच ठरतो. मग हजेरी कोण घेते, रजा कोण देते, कामाची पाळी कोण लावते, शिस्तीची नोटीस कोणाच्या सहीने येते, हे सगळे महत्त्वाचे होते. गेटपास, हजेरीचे मेसेज, पगाराच्या चिठ्ठ्या जपून ठेवा, असे मी या पोरांना सांगतो, त्यामागे हा निकाल आहे.

दार कोणते ठोठावायचे, तेही अधिकाराच्या उगमावरून ठरते. महाराष्ट्राचा 1971 चा अनुचित कामगार प्रथा कायदा आपल्याकडे फार मोलाचा. वर्षानुवर्षे बदली किंवा तात्पुरते ठेवून कायमपणाचे हक्क नाकारणे ही त्याच्या चौथ्या अनुसूचीतली सहावी बाब. पण 2001 मध्येच कल्याणी स्टील्स आणि सिप्लाच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, मालक-कामगार नातेच वादात असेल तर त्या कायद्याखालच्या तक्रारीत तो वाद सोडवता येत नाही. आधी दुसऱ्या मंचावर नाते सिद्ध करून या. तीन न्यायाधीशांनी 2003 मध्ये तेच कायम केले. चुकीच्या दारात पाच-सात वर्षे घालवलेले कामगार मी पाहिले आहेत. तोवर ठेकेदार बदलतो, साक्षीदार गावी जातो.

राज्य दुरुस्तीची गोष्ट इथेही आहे. कंत्राटी कामगार कायदा, 1970 वीस कामगारांपासून लागू होतो, असे सगळ्या पुस्तकांत छापलेले. महाराष्ट्रात मात्र 2017 पासून ती संख्या पन्नास होती. तीस कामगारांचा ठेका घेऊन बसलेल्यावर परवान्याची तक्रार केलेली पोरे त्यामुळे हात हलवत परत आली. आणि आता 21 नोव्हेंबर 2025 पासून चार श्रमसंहिता लागू होऊन 29 केंद्रीय कायदे त्यांत विलीन झाले आहेत. 1970 चा कायदा त्यात गेला, 1947 चा औद्योगिक विवाद कायदा गेला. जुन्या कायद्यांखालचे नियम आणि अधिसूचना नव्या संहितांशी विसंगत नसतील तेवढ्यापुरत्या चालू राहतील, अशी तरतूद आहे. आपला 1971 चा राज्य कायदा त्या 29 मध्ये नाही. नव्या संहितेपुढे त्याचे कोणते कलम टिकते, हा प्रश्न घटनेच्या कलम 254 कडे जातो आणि त्याचे उत्तर न्यायालये येत्या वर्षांत देतील. तोपर्यंत जो कोणी तुम्हाला छातीठोकपणे सांगेल की आता सगळे संपले किंवा काहीच बदलले नाही, त्याला कलम विचारा.

एक नवा धोकाही सांगितला पाहिजे. मोबाईलवर प्रश्न टाकला की यंत्र आता उत्तर देते, निकालांची नावे देते, वर्षे देते. त्यातले काही निकाल जगात कुठेच नसतात. ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आयकर खात्याचा एक आकारणी आदेश रद्द केला. त्यात आधार म्हणून दिलेले निवाडे अस्तित्वातच नव्हते. खात्याचा अधिकारी फसतो तर तिसऱ्या पाळीवरून आलेला मुलगा फसणार नाही कशावरून? उपाय अवघड नाही. 2023 पासून सर्वोच्च न्यायालयाच्या अहवालांत छापलेले निकाल ई-एससीआरवर फुकट वाचायला मिळतात. प्रत्येक नव्या निकालाला आता स्वतःचा क्रमांक असतो. सर्वोच्च न्यायालयाच्या क्रमांकात आयएनएससी ही अक्षरे असतात, आपल्या उच्च न्यायालयाच्या क्रमांकात बीएचसी. क्रमांक टाकून निकाल उघडला नाही, तर तो वापरू नका. मराठीत भाषांतरित केलेले निकालही तिथे आहेत, त्यांचा जरूर लाभ घ्या; त्यांच्या तळाशी लिहिलेले असते की भाषांतर समजण्यापुरते आहे आणि अंमलबजावणीसाठी इंग्रजी पाठच प्रमाण. तळाची ओळसुद्धा वाचत चला. केंद्राचे कायदे इंडिया कोडच्या संकेतस्थळावर, आणि राज्याच्या अधिसूचना शासनाच्या ई-राजपत्रावर मिळतात.

आता इथे नगरपरिषदेचे सदस्य बसले आहेत, म्हणून एक मागणी करतो आणि थांबतो. चाकणला नगरपरिषद 2015 मध्ये झाली. शहराच्या वाचनालयात कायद्याचे एक कपाट करा. त्यात महाराष्ट्राच्या दुरुस्त्यांसह छापलेले कायदे ठेवा : औद्योगिक विकास, जमीन महसूल, नगररचना, भूसंपादन, अनुचित कामगार प्रथा, आणि आता चारही श्रमसंहिता. प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर ते कोणत्या तारखेपर्यंत अद्ययावत आहे, ते लिहा, आणि नवी दुरुस्ती आली की राजपत्राची प्रत आत चिकटवा. एक संगणक आणि एक प्रिंटर ठेवा, जिथे कोणालाही राजपत्र आणि निकाल उघडता येतील. शनिवारी बाजारासाठी अख्खा तालुका चाकणला येतो. त्या दिवशी दोन तास मी स्वतः तिथे बसेन. माझ्या बारमधल्या आणखी काही तरुण मित्रांनी होकार दिला आहे. येताना नोटीस, सात-बारा, गेटपास, जे असेल ते मूळ कागद घेऊन या.